ओळ सात

रजिस्ट्रीत नाव लिहायचं नसतं.
नावं लोखंडी कपाटात, किल्ली मेट्रनबाईंकडे.
माझ्याकडे नुसत्या ओळी, एकूण अकरा.
पुण्याहून दुसऱ्याचं आतडं घेऊन
सोलापुरात परतलेली अकरा माणसं.

ओळ सात. पुरुष. वय चौतीस.
मूळ आजार: आतड्याला पीळ.
सुताला पीळ हवाच, माझे वडील म्हणायचे,
त्याशिवाय ताण सोसत नाही.
चाळीस वर्षं मागावर काढली त्यांनी,
पोटातल्या पिळाचं त्यांना काय ठाऊक.
चौदा महिने शिरेतून अन्न. दाता मृत, अनोळखी.
तीन महिने, सहा महिने, एक वर्ष: भरलेलं.
दोन वर्षं: भरलेलं, बायोप्सीसकट.
तीन वर्षं:

इथे पांढरं.

महिनाभर फोन लावला.
उचलायची एक मुलगी, अक्कलकोट रोडच्या
कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालणारी.
बंद पडलेला नंबर कंपनीनं तिला दिलेला.
तीनदा म्हणाली राँग नंबर, चौथ्यांदा ओरडली,
पाचव्यांदा तिनंच विचारलं,
"सापडला का हो तुमचा माणूस?"

आकडेवाले डॉक्टर म्हणाले,
"माहीत नाही, असं लिहा. तीही माहितीच असते.
अंदाजानं जिवंत लिहू नका.
मेला तर मुळीच नाही."
आलेख दाखवला त्यांनी.
पायरी पायरीनं उतरणारी रेघ,
उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावाचं पाणी उतरतं तशी.
एक माणूस गेला की एक पायरी उघडी.
हरवलेल्याला पायरी नाही,
रेघेवर फक्त एक बारीक उभी खूण,
शिंप्यानं खडूनं मारावी तशी.
"हजारात एक हरवला तर चालतं,
अकरात एक म्हणजे नऊ टक्के,"
म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

मे महिना. पायाखालचा डांबर मऊ.
विडी घरकुलात गेले, पत्त्यावर कुलूप.
शेजारीण सुपात पानं कातरत होती.
मान वर न करता म्हणाली,
"गेले की."
माझी चप्पल तिथंच चिकटली.
"कुठं?"
"भिवंडीला. मागावर."

आपल्या भाषेत गेले म्हणजे दोन्ही.
फॉर्मला दोन रकाने लागतात.

मग एका रविवारी टॉवेलवाल्या मुलीचाच फोन.
कुणा मावशीनं जुन्या नंबरवर
हळदीचं आमंत्रण द्यायला लावला होता,
हिनं तिच्याकडून नवा नंबर काढून घेतला,
वर दटावलं, "दवाखाना शोधायला, तुम्ही झोपलाय होय?"
तिचं नाव मी विचारलं नाही.
रजिस्ट्रीत तिला रकाना नाही.

लावला. आधी मागांचा खडखडाट,
मग दार ओढल्याचा आवाज, मग तो.
"हाय की जिवंत. लिहून घ्या."
लिहिलं.
गोळ्या?
"सकाळ-संध्याकाळ. रक्त तपासून सहा महिने झाले,
खाडा पडला की मालक पैसे कापायला."
लिहिलं.
जेवण तोंडानं?
तो हसला. "भाकरी, शेंगाची चटणी.
तुमच्या त्या बाईंनी नको म्हटलेलं सगळं."
मी होय एवढंच लिहिलं.
पहिला घास कसला होता, कधी,
हे कुठल्याच फॉर्मवर नाही.
मी पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवते, मग खोडते,
ऑडिटला चालत नाही.

फोन ठेवणार एवढ्यात म्हणाला,
"ताई, आमच्यासारखे बाकीचे?
ते दहा जण?"

समोर आलेख होता.
चार पायऱ्या उघड्या.
सांगायला परवानगी नाही, आणि असती तरी
त्याच्या कानाशी माग चालू होते,
एवढ्या आवाजात ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती.

"रक्त तपासून घे," मी म्हणाले,
"या आठवड्यात. मालकाचा नंबर दे,
मी बोलते त्याच्याशी."

त्यानं नंबर सांगितला.
पुन्हा विचारलं नाही.